काखेत कळसा

पायथागोरसचा सिद्धांत मी तीस वर्षे शिकवला. तो सिद्ध करताना एकदाही अडखळलो नाही. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये, रत्नागिरीच्या आमच्या शाळेत नववी ओलांडून आलेल्या मुलांचा जादा तास घेत असताना, कर्णाच्या वर्गापाशी येऊन माझा हात थांबला. हात फळ्यावर उंच गेलेला, बोटांत खडू, आणि त्या उंचावलेल्या हाताच्या मुळाशी, ऐन काखेच्या खोबणीत, अशी खाज उठली की कर्ण, पाया आणि लंब हे तिघेही माझ्या डोळ्यांपुढून पसार झाले.

खाजवण्यालाही प्रतिष्ठा असते, हे मला त्या दिवशी कळले. माणूस डोके खाजवू लागला तर तो विचारात गढला आहे असे लोक समजतात. हनुवटी खाजवली तर तो मुत्सद्दी ठरतो. तळहात खाजला तर धनलाभ होणार म्हणून घरची माणसे खूश होतात. पण काख खाजवणारा माणूस कसा दिसतो? तो आपल्या फार पुरातन पूर्वजांसारखा दिसतो. चाळीस मुलांच्या देखत ते नाते जाहीर करण्याची माझी तयारी नव्हती. मी हात खाली घेतला आणि सिद्धांताचा उरलेला भाग मुलांनाच सिद्ध करायला सांगितला. "सरांनी काखा वर केल्या," असे मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले. त्या पोराला माझे खरे दुखणे ठाऊक नव्हते. पण वाक्प्रचार इतका चपखल बसला होता की त्याला शिक्षा करण्याचा धीर मला झाला नाही.

आपल्या भाषेने डोळ्यांना, कानांना, हातापायांना शेकड्यांनी वाक्प्रचार दिले. काखेच्या वाट्याला ठळक असे दोनच आले. एक काखा वर करणे आणि दुसरे काखेत कळसा नि गावाला वळसा. एकात नामुष्की आहे, दुसऱ्यात वेंधळेपणा. पुढल्या दोन महिन्यांत मला दोहोंचाही अनुभव यायचा होता.

प्रथम मला वाटले, घामोळे असेल. आमच्या रत्नागिरीचा उन्हाळा असा की माणूस दोरीवर टाकलेल्या टॉवेलसारखा सदा दमटच असतो. त्यात काख म्हणजे अंगाची अशी घडी, की जिथे वारा पोचत नाही, ऊन पोचत नाही, आणि दोन्ही बाजूंची कातडी दिवसभर एकमेकींवर घासत असते. मी पावडर लावली. पावडरीचा घामात चिखल झाला आणि खाज वाढली. मग भाच्याने मुंबईहून आणलेला डिओडरंटचा फवारा मारून पाहिला. सुगंध दरवळला, पण आत आग पेटली. लिंबू चोळून पाहिले. त्या अनुभवाविषयी मी काही लिहीत नाही. ज्याने खाजवून सोलवटलेल्या जागी लिंबू चोळले असेल त्याला सांगायला नको, आणि ज्याने चोळले नसेल त्याने चोळू नये. शेजारच्या काकूंनी टाकळ्याचा पाला वाटून लावायला सांगितला, पण टाकळा उगवणार पावसाळ्यात. "तोवर जरा कळ काढा," असे त्या म्हणाल्या. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी खोबरेलात कापूर घालायचा सल्ला दिला. घटकाभर गार वाटले, आणि माझ्या अंगाला देवघराचा वास येऊ लागला.

शेवटी एका संध्याकाळी मी नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. तिथे दोन बायका उभ्या होत्या, म्हणून आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. बायका गेल्यावर आवाज खाली आणून म्हणालो, "माझ्या एका मित्राला काखेत खाज येते." दुकानदार हसला. "मित्राला म्हणावं, ही लावा. दोन दिवसांत बरं वाटेल."

आणि खरोखरच दोन दिवसांत बरे वाटले! मला त्या एवढ्याशा ट्यूबेविषयी अपार कृतज्ञता वाटली. मी लावणे थांबवले, आणि आठवडा लोटला नाही तोच खाज परत आली. आली ती सोबत आपला परिवार घेऊन. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा परतफेड. काखेतला तांबडा डाग आता चकतीसारखा पसरत दंडाच्या आतल्या अंगाला आणि खाली बरगड्यांकडे सरकला होता. सहा आठवड्यांत माझ्या मित्राने तीन ट्यूबा संपवल्या.

या साऱ्या काळात सौ. मात्र फारशी बोलली नाही. एरवी मला साधी शिंक आली तरी सगळ्या वाडीला वर्दी जाते. या वेळी ती रात्री माझी चुळबुळ ऐकून एवढेच म्हणे, "एकदा दाखवून या की कोणाला." पण तेही हळू, जणू स्वतःशीच. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी तीच मला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दारावरची पाटी वाचून मी उलट पावली फिरणार होतो. ती डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी होती! जिला मी चुकलेल्या वजाबाकीसाठी बाकावर उभे केले होते, तिच्यापुढे आता सदरा काढायचा! ती मात्र हसून म्हणाली, "या सर, बसा," आणि थोड्याच वेळात, "हात वर करा."

आयुष्यभर हे तीन शब्द मी मुलांना सांगत आलो. ज्याला उत्तर येते त्याने हात वर करायचा. इथे मला उत्तर येत नव्हते म्हणून हात वर करावा लागला. मला एकाएकी जाणवले, की माझी काख शेवटची कोणी पाहिली असेल तर ती आईने, नरकचतुर्दशीच्या पहाटे, उटणे लावताना. "हात वर कर," ती म्हणायची, आणि तिची बोटे काखेत शिरली की आम्ही भावंडे गुदगुल्यांनी पाटावरून घसरायचो. पुढे आपण आपापले आंघोळ करू लागतो, आणि अंगाचा तेवढा भाग जन्मभरासाठी दृष्टीआड होतो. आरशातसुद्धा आपण तो पाहत नाही.

तिने दिवा जवळ घेऊन पाहिले, कडेचा थोडा कोंडा खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग म्हणाली, "सर, ट्यूब आणलीत?" मी मित्राची ट्यूब पुढे केली. तिने त्यावरची मुंगीएवढी अक्षरे वाचली आणि माझ्याकडे अशी पाहिली, जशी मी तिच्या वजाबाकीकडे पाहत असे.

"हा गजकर्ण आहे, सर. बुरशी. आणि या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइडही आहे. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्यानं कातडीचा पहारेकरी झोपतो. बुरशी आतून निवांत वाढते, तिची कड पुसट होते, आणि मग आम्हालासुद्धा ओळखू येत नाही. शिवाय काखेची कातडी मुळात नाजूक. असं मलम तिथं फार दिवस लावलं की ती पातळ होते, तिच्यावर चरे पडतात."

अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी, असा सरकारी नियम पुढे २०१८ साली झाला. माझ्या वेळी तो नव्हता. आणि असता तरी चिठ्ठीसाठी काख दाखवावी लागली असती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले. रात्री खाज जास्त असते का? घरात आणखी कोणाला आहे का? मधुमेह आहे का? वजन उतरले आहे का? ताप येतो का? आणि शेवटी, "काखेत गाठ वगैरे हाताला लागते का?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं. पण लागली तर दाखवायची. हाताचं बोट पिकलं तर काखेत अवधाण येतं. ते दुखतं आणि बोट बरं झालं की जातं. पण दोन आठवड्यांत न गेलेली किंवा वाढत चाललेली गाठ दाखवायलाच हवी. दुखत नाही म्हणून सोडून द्यायची नाही. उलट न दुखणारी आधी दाखवायची."

सौ. माझ्या शेजारी बसली होती. तिने पदर सावरला एवढेच मला आठवते.

घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने नव्या व्रताला लागलो. रोज दोनदा मलम. तेही डागावरच नव्हे, तर डागाच्या कडेबाहेर दोन बोटे जागा सोडून तिथवर. डाग गेल्यानंतरही दोन आठवडे. टॉवेल निराळा, कपडे उलटे करून उन्हात, घट्ट बनियन वर्ज्य, आंघोळीनंतर काख टिपून कोरडी. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला डोळा लागत होता, तोच अंधारातून सौ.चा आवाज आला.

"अहो, जागे आहात?"

"हं."

"न दुखणारी गाठ चांगली नसते का हो?"

मी क्षणभर तिचा प्रश्न गणितासारखा ऐकला, आणि मग ताडकन उठून बसलो. "कोणाची?" असे मी विचारले, जणू तिचाही कोणी मित्र असू शकत होता! तिने काही न बोलता माझा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या काखेत नेला. बोटांना ती लागली. कातडीखाली, घट्ट, गुळगुळीत.

"दिवाळीत चिंचोक्याएवढी होती," ती म्हणाली. "आता आठळीएवढी झालीय."

दिवाळीत! म्हणजे सात महिने ही बाई माझ्या शेजारी निजत होती, माझ्या खाजेसाठी कापूर कुटत होती, आणि स्वतःच्या काखेत ती गाठ बाळगून होती. मी गावभर वळसे घेत होतो, आणि कळसा माझ्या घरात होता.

"बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

"काखेतलं काय सांगायचं?" ती म्हणाली. "आणि दुखत नव्हती."

त्या रात्री मला माझी मावशी आठवली. मी शाळकरी असताना ती आमच्याकडे राहायला आली होती. तिच्या काखेलाही काही झाले होते. काय, ते आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. माजघराचे दार लोटून आई तिला लेप लावी, आणि बाहेर त्या लेपाचा कडवट वास येई. पुष्कळ महिन्यांनी तिला मुंबईला नेले. तिथल्या डॉक्टरांनी, इतके दिवस काय केलेत, असे विचारले म्हणतात. मावशी परत आली नाही. तिचे दुखणे स्तनाचे होते आणि ते काखेत उतरले होते, एवढे मला मोठेपणी समजले. छातीला काही झाले तर त्याची पहिली वर्दी पुष्कळदा काखेतल्या गाठींना लागते, हेही नंतरच कळले. मावशी तेवढी वर्दी घेऊन महिनोन्महिने लोटलेल्या दाराआड बसून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही दोघे पायरीवर होतो. माझ्या विद्यार्थिनीने गाठ पाहिली, चेहऱ्यावर काही दाखवले नाही, आणि एका शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी छातीची तपासणी केली, सोनोग्राफी करवली, छातीचा एक्स-रे काढला, आणि गाठीत बारीक सुई घालून नमुना घेतला. "अहवालाला आठ दिवस लागतील," ते म्हणाले.

ते आठ दिवस कसे गेले ते मी सांगू शकणार नाही. सौ. नेहमीसारखी वावरत होती. पावसाळ्याच्या तोंडावर करायची सगळी कामे तिने त्या आठवड्यात उरकली. फणसाच्या आठळ्या धुऊन वाळवल्या, मसाल्याच्या बरण्यांना दादरे बांधले, कपाट आवरले. कपाट आवरताना तिने मला बोलावून कोणता डबा कुठे आहे ते दाखवले. "तुम्हाला सापडत नाही म्हणून," ती म्हणाली. मी मान हलवली आणि परसात जाऊन उभा राहिलो. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्या कपाटात कधी डोकावलो नव्हतो. तिच्या मनातही नव्हतो, हे मला परसात उभे असताना कळत होते.

अहवाल आला. गाठ क्षयाची होती.

क्षयाचे नाव ऐकून हात जोडणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, मी जोडले. डॉक्टर शांतपणे सांगत होते: फुप्फुसे साफ आहेत, नुसत्या गाठीचा क्षय एकाचा दुसऱ्याला लागत नाही, सहा महिने औषध न चुकता घ्यायचे, सरकारी योजनेत ते मोफत मिळते, मध्येच बरे वाटले म्हणून सोडायचे नाही. सौ. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "एवढंच ना?" आणि मग तिथेच, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, रडली.

माझा गजकर्ण जुलैत गेला. पण त्याने मला एक विचित्र अधिकार देऊन ठेवला. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा सगळी हकीकत मोकळेपणी सांगितली, आणि त्यानंतर लोक मला कोपऱ्यात गाठून आपापल्या काखांविषयी बोलू लागले. मी कोणावरही उपचार केले नाहीत. सगळ्यांना त्याच पायरीवर पाठवले. पण काय काय निघाले म्हणून सांगू!

ड्रॉइंगच्या मास्तरांची लाली काखेच्या ऐन घुमटात होती. ती निघाली त्यांच्या नव्या डिओडरंटच्या सुगंधाची. कवायतीच्या मास्तरांचा घुमट स्वच्छ, लाली भोवतालच्या कडांना. ती नव्या शर्टाच्या रंगाची. कापड घासते ते कडांना, आत नव्हे, हे ऐकून माझ्यातला भूमितीचा शिक्षक खूश झाला. कचेरीतल्या कारकुनांची काख काळी आणि मखमलीसारखी जाड झाली होती. ते ती घासणीने घासत होते. डॉक्टरांनी मलम दिलेच नाही, रक्त तपासायला पाठवले, आणि साखर वाढलेली निघाली. एका मुलीला काखेत पुन्हा पुन्हा गळवे येत, फुटत, वण राहत. घरचे म्हणत, अस्वच्छ राहते. तो अस्वच्छपणा नव्हता. तो एक जुनाट आजार होता, आणि त्याचे उपचार जितके लवकर तितके वण कमी. आमच्या शिपायाच्या घरी तर रात्र झाली की सगळे कुटुंब बोटांच्या बेचक्यांत, कमरेला आणि काखेत खाजवीत बसे. ती खरूज. एकट्यादुकट्याने औषध लावून ती जात नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे लागते.

या सगळ्यांच्या कथा निराळ्या, पण एक वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होते. "म्हटलं, यासाठी काय डॉक्टरकडे जायचं!" यासाठीच जायचे. दोन-चार दिवसांची घामाची खाज कोरडे ठेवल्याने, सुगंधी साबण बंद केल्याने, सैल सुती कपड्यांनी जाते. तिचा बाऊ करू नये. पण दोन आठवडे झाले तरी जात नाही, पसरते आहे, चिघळते आहे, पू येतो आहे, ताप आहे, मधुमेह आहे, घरात दुसऱ्यालाही लागली आहे, किंवा बोटांना गाठ लागते आहे, तर मग लाज बाजूला ठेवून हात वर करावा. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. झाकली काख तशी नसते.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली. सौ.च्या औषधाचे दीड-दोन महिने उरले होते, गाठ विरून पुन्हा चिंचोक्यावर आली होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे नेहमीप्रमाणे तिने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. सुगंधी उटण्याची पुडी तिने फडताळात परत ठेवली. "तुमच्या कातडीला ते नको," ती म्हणाली, आणि वाटीत नुसते कोमट तेल घेऊन माझ्यामागे येऊन बसली. खांदे झाले, दंड झाले. मग ती म्हणाली, "हात वर करा."

मी केला. गुदगुल्या झाल्याच. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पाटावरून घसरता घसरता वाचलो. ती हसत होती. मग मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि म्हणालो, "आता तू कर."

तिने दाराकडे पाहिले. दार लोटलेले होते, पण बाहेर कोणी नव्हते. मग तिनेही हात वर केला.